कुंकू पुसायचा हुकूम कोणाचा? समाजाचं बरंवाईट पिढ्यांमधून कसं बदलतं

4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढून घ्यायची नाहीत. कोरोनाच्या लाटांमध्ये गावोगावी तरुण बायका विधवा झाल्या होत्या, त्या जखमा ताज्या होत्या. दोन आठवड्यांच्या आत राज्याच्या ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर बातम्या छापल्या.

तेव्हा अनेकांना एक साधा प्रश्न पडला होता. बांगड्या फोडा असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. कुठला अधिकारी, कुठला न्यायाधीश तसं सांगत नव्हता. गावातल्या बहुतेकांना विचारलं असतं तर ‘वाईट वाटतं हो, पण करावं लागतं’ असंच उत्तर आलं असतं. मग जे कोणीच सांगत नाही आणि फारसं कोणाला आवडतही नाही, ते बंद करायला ठराव का लागावा? आणि ज्या राज्यात विधवांच्या पुनर्विवाहाची चर्चा दीडशे वर्षांपूर्वी पेटली होती, तिथे ही वेळ 2022 मध्ये का यावी?

समाजाचे आदर्श कसे आणि किती वेगाने बदलतात, कशामुळे अडतात, हे समजून घ्यायला विधवांच्या प्रश्नाइतकं बोलकं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही. म्हणून तेच धरून पुढे जाऊ.

## मत वेगळं, रूढी वेगळी

माझं मत हे माझ्या डोक्यात असतं. रूढी मात्र माझ्या एकट्याच्या डोक्यात मावत नाही. ती टिकते दोन समजुतींवर. पहिली, ‘सगळे असंच करतात.’ दुसरी, ‘मी केलं नाही तर लोक नावं ठेवतील.’ या दोन समजुती पक्क्या असल्या की प्रत्येकाचं खासगी मत काहीही असो, रूढी चालू राहते.

आता दहाव्याच्या दिवशी घाटावर काय होतं ते आठवा. मुलीची आई आतून तुटत असते. सासूलाही रडू आवरत नसतं. तरी भावकीतली कोणीतरी वडीलधारी बाई पुढे होते आणि पुढचं सगळं होतं. त्या वडीलधाऱ्या बाईलाही एकदा कोणीतरी असंच पुढे येऊन बांगड्या फोडून विधवा केलेलं असण्याची बरीच शक्यता असते. त्या क्षणी ‘थांबा’ म्हणण्याची किंमत त्या एकाच घराने मोजायची असते, म्हणून कोणी म्हणत नाही.

पंगतीत बसलेल्या माणसांचं असंच होतं. सगळ्यांची पोटं भरलेली असतात, पण शेजारचा अजून जेवतोय असं वाटून कोणी आधी उठत नाही. शेजारचाही आपल्याकडे बघूनच बसलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी भूक आहे या लोकांना!

समाजशास्त्रात या अवस्थेला सामूहिक गैरसमज म्हणता येईल. बहुसंख्य लोकांना एखादी गोष्ट मनातून पटत नसते, पण ‘बाकीच्यांना पटते’ असं प्रत्येकजण धरून चालतो. सौदी अरेबियाची राजधानी रियाधमध्ये काही वर्षांपूर्वी अर्थशास्त्रज्ञांनी तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, की बायकांनी घराबाहेर नोकरी करावी का? एकेकट्याने उत्तर देताना फार मोठ्या बहुमताने ‘करावी’ असं सांगितलं. पण ‘तुमच्यासारखे बाकीचे काय म्हणतील?’ यावर त्यांचा अंदाज खूपच कमी निघाला. मग काहींना खरा आकडा सांगण्यात आला. ज्यांना तो कळला, त्यांच्यातल्या जास्त जणांनी आपल्या बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवलं. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. शेजारी काय विचार करतो एवढंच कळलं होतं.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. माणसांची मनं बदलल्यावर समाज बदलतो हे अर्धंच खरं आहे. आपल्यासारखीच इतरांचीही मनं बदलली आहेत हे सगळ्यांना उघडपणे कळलं, की मग समाज बदलतो. पहिल्या आणि दुसऱ्या पायरीमध्ये कधीकधी एक अख्खी पिढी जाते, कधी चार.

## पिढी बदलते म्हणजे नक्की काय बदलतं?

‘हल्लीच्या पोरांना काही वाटत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो.

काही बदल वयाचे असतात. विशीत बंडखोर असलेला माणूस पन्नाशीत घरच्या पूजेला सोवळं नेसून बसतो. हा समाजाचा बदल नव्हे, पुढच्या पिढीतही तो दिसणारच. काही बदल काळाचे असतात. एखादी साथ, युद्ध, मोठं आंदोलन येतं आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचीच मतं थोडी सरकतात. तिसरा बदल पिढीचा. माणूस साधारण वयात येताना जे जग बघतो, ते त्याला ‘नेहमीचं’ वाटायला लागतं आणि ही छाप बरीच टिकते. ज्या मुलीने शाळेत मुख्याध्यापक बाई बघितल्या, तिला बाईने शाळा चालवणं हा विचार वाटत नाही, ती वस्तुस्थिती वाटते. तिच्या आजीला त्यासाठी वाद घालावा लागला होता. नातीला वाद होता हेही माहीत नसतं.

या तिसऱ्या बदलाला पिढीबदल म्हणू. त्यात कोणाचं मतपरिवर्तन व्हावंच लागत नाही. जुन्या समजुती घेऊन जगलेली माणसं कमी होत जातात, नव्या समजुतीत वाढलेली माणसं त्यांच्या जागी येतात. म्हणून एकेका माणसाकडे बघितलं तर काहीच हललेलं दिसत नाही आणि तीस वर्षांनी मागे वळून बघितलं तर गाव ओळखू येत नाही.

लग्नाच्या वयाचा इतिहास बघा. 1860 च्या दंडसंहितेत संमतीचं वय 10 होतं, लग्न झालेल्या मुलीसाठीसुद्धा. 1891 मध्ये ते 12 करण्याचा कायदा आला तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! लोकमान्य टिळकांसारखा नेता परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये म्हणून विरोधात उभा राहिला. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय 14 केलं, 1978 मध्ये ते 18 झालं. आज 12 या आकड्याच्या बाजूने भांडणारे आणि विरोधात भांडणारे दोघेही आपल्याला सारखेच दूरचे वाटतात. बालविवाह मात्र संपलेले नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 20 ते 24 वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण देशात 2005-06 मध्ये 47 टक्के होतं, 2019-21 मध्ये 23 टक्के. महाराष्ट्रातही ते जवळपास 22 टक्के आहे, म्हणजे पाचातली एक. आदर्श बदलला, तो कायद्यात आला, तोंडी सगळ्यांनी मान्य केला, आणि तरी उसाच्या फडावर जाण्याआधी पोरीचे हात पिवळे करून टाकणारे आईबाप आजही आहेत. त्यांना कायदा माहीत नाही असं नाही. पोरीला मागे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

## वीस वर्षांच्या अंतरावरची दोन लग्नं

1873 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. ते एकतिशीत होते, पुनर्विवाहाच्या चळवळीत आघाडीवर होते. विष्णुशास्त्री पंडितांनी विधवाविवाहाचा झेंडा मुंबईत उभारला होता, 1869 मध्ये एक गाजलेला पुनर्विवाह होऊनही गेला होता. रानडे विधवेशीच लग्न करणार अशी सगळ्यांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि रानड्यांनी मान तुकवली. त्यांच्यावर टीका झाली, पुढेही होत राहिली.

याला ढोंग म्हणावं का? मला वाटतं, तो शब्द फार सोपा पडतो. रानड्यांना विचार पटलेला होता, पण वडिलांचं मन मोडणं हे त्यांच्या नीतीत त्याहून मोठं पाप होतं. आदर्श बदलताना नेमकं हेच होतं. नवं मूल्य मोकळ्या जागेत येत नाही, आधीच्या एखाद्या मूल्याशी त्याची धडक होते, आणि बहुतेक वेळा पहिल्या पिढीत जुनं मूल्य जिंकतं. रानड्यांनी त्या अकरा वर्षांच्या मुलीला शिकवलं. घरातल्या बायकांचा छळ सोसून ती शिकली. तीच रमाबाई रानडे पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या प्रमुख झाल्या.

बरोबर वीस वर्षांनी, 11 मार्च 1893 रोजी, फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात लग्न केलं. गोदूबाईंचं पहिलं लग्न आठव्या वर्षी झालं होतं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या होत्या. पुढची कितीतरी वर्षं कोकणात सासरी राबण्यात गेली. मग मुंबईत पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकायला आल्या, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणून. लग्नानंतर कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. म्हाताऱ्या आईला आणि भावाला त्यांच्यापासून दूर राहावं लागलं.

रानड्यांना जमलं नाही ते कर्व्यांना का जमलं? कर्वे जास्त धीट होते हे खरंच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. तोवर आजूबाजूला काही गोष्टी उभ्या राहिल्या होत्या. विधवेला राहायला आणि शिकायला जागा होती. पुनर्विवाह केलेली थोडी का होईना जोडपी होती, ज्यांच्याकडे जाता-येता येत होतं. आणि कर्व्यांचा पगार गाव देत नव्हतं. शेती, भिक्षुकी, गावकीची कामं यांवर जगणाऱ्या माणसाला गावाने वाळीत टाकलं तर चूल विझते. फर्ग्युसनच्या प्राध्यापकाला मनस्ताप होतो, चूल पेटत राहते. नीतीच्या इतिहासात पगार, शहर, रेल्वे, वसतिगृह या गोष्टींना आपण फार कमी मान देतो. मनातला विचार बाहेर काढायला माणसाला पाय टेकायला जागा लागते.

पुढचं ठाऊक आहेच. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम, मग हिंगण्याची संस्था, 1916 मध्ये महिला विद्यापीठ. 1958 मध्ये, शंभरीच्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. वाळीत टाकलेल्या माणसाला देशाने सर्वोच्च सन्मान दिला आणि तो घ्यायला तोच माणूस हयात होता. इतका लांबचा पल्ला एका आयुष्यात मावल्याचं उदाहरण विरळा.

पण गोष्ट इथे थांबत नाही. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मूल हवं की नको हे बाईने ठरवावं, लैंगिक प्रश्नांवर उघड बोलावं, असं ते म्हणत. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 मधल्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्याही वेळी समाजाने हरकतच घेतली, फक्त हरकतीचा विषय चाळीस वर्षांत पुढे सरकला होता. विधवेने लग्न करावं का, यावर वडिलांना छळणाऱ्या समाजाला मुलाच्या वेळी तो वाद जुना वाटायला लागला होता.

## कायद्याने मनं बदलतात का?

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता 1856 मध्येच मिळाली होती. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांना आलेलं ते फळ. म्हणजे गोदूबाईंचं लग्न कायदेशीर होऊन सदतीस वर्षं उलटली होती आणि तरी ते बातमीचा विषय होतं. कायद्याने परवानगी दिली, बहिष्कार हटवला नाही. उलट त्याच कायद्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाईल असं कलम होतं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

तरी कायदा निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याचं मन आधीच बदललंय त्याला तो आधार देतो. घरच्यांना ‘मला तर काही अडचण नाही, पण कायदा आहे ना’ असं सांगून तोंड वाचवता येतं, आणि तोंड वाचवण्याची ही सोय फार मोलाची आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 मध्ये कायदा केला, 2017 मध्ये तो लागू झाला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. कर्व्यांना ज्या हत्याराने झोडपलं ते हत्यार तेव्हा समाजाच्या शुद्धतेचं साधन मानलं जाई, आज ते चालवणं गुन्हा आहे. एखाद्या गावकीला हे पटलं नाही तरी पोलिस ठाण्यात जायला आता एका घराकडे कागद आहे.

## एकत्र सोडलेली गाठ

चीनमध्ये मुलींची पावलं लहानपणी करकचून बांधून ठेवण्याची चाल शेकडो वर्षं चालली. प्रत्येक आईला पोरीच्या वेदना दिसत होत्या. पण न बांधलेल्या पायांच्या मुलीला चांगलं स्थळ मिळणार नाही, ही भीती त्याहून मोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मंडळं निघाली. त्यातल्या सभासदांनी दुहेरी शपथ घ्यायची: आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही, आणि आमच्या मुलांसाठी बांधलेल्या पायांची सून आणणार नाही. दुसऱ्या अर्ध्यामुळे पहिला अर्धा शक्य झाला. उत्तर चीनमधल्या एका भागात झालेल्या पाहणीनुसार 1889 मध्ये 99 टक्के मुलींचे पाय बांधले जात होते. 1899 मध्ये 94 टक्के. 1919 मध्ये शून्य.

दहा वर्षांत पाच टक्के, त्यानंतरच्या वीस वर्षांत सगळंच. हा आलेख मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीची वर्षं बघणाऱ्याला वाटलं असतं, काही होत नाही. ही माणसं एकेकट्याने उठत नव्हती, एकत्र उठली.

हेरवाडच्या ठरावाचं बळ याच जातीचं आहे. त्याला शिक्षेचा धाक नाही. पण ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचून हात वर करून तो मंजूर झाला, म्हणजे शेजाऱ्याचा हात वर गेलेला प्रत्येकाने पाहिला. तो पाहिलेला हात हीच खरी घटना. आपल्याकडेही हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असा पवित्रा घेतला होता. वस्तरा ज्यांच्या हातात, त्यांनीच एकत्र नकार दिला. एकट्या न्हाव्याने नकार दिला असता तर दुसरा बोलावला असता.

## ‘जुनी माणसं गेली की बदल आपोआप होतो’

हे सगळ्यात धोक्याचं आश्वासन आहे. पिढीबदलाला दिशा नसते. नव्या पिढीला जे ‘नेहमीचं’ म्हणून दाखवाल ते ती उचलते, मग ते आधीच्यापेक्षा वाईट का असेना.

पुनर्विवाहाचंच घ्या. शाळेतल्या पुस्तकांमुळे आपली अशी समजूत होते, की पूर्वी सगळ्याच विधवांना लग्न बंद होतं आणि सुधारकांनी ते खुलं केलं. खरं तर महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींमध्ये पाट लावण्याची, मोहतुराची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची रीत पिढ्यानपिढ्या होती. पेशवाईत त्यावर पाटदाम नावाचा करही घेतला जाई. केशवपन आणि आजन्म वैधव्य हा मुख्यतः ब्राह्मण आणि त्यांच्या जवळच्या उच्च जातींचा नियम. पुढे ज्या कुटुंबांची पत वाढली, त्यांनी वरच्या जातींचं अनुकरण करत पाट बंद केला, कारण तो ‘हलका’ मानला जायला लागला. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी या अनुकरणाला संस्कृतीकरण हे नाव दिलं. ब्राह्मण सुधारक विधवेला लग्नाचा हक्क मिळावा म्हणून झगडत होते, त्याच काळात इतर घरांमधल्या विधवांचा असलेला हक्क जात होता.

देज आणि हुंड्याचंही असंच. अनेक जातींमध्ये वरपक्ष मुलीच्या बापाला देज देत असे, कारण मुलगी म्हणजे शेतात राबणारे दोन हात. दोन-तीन पिढ्यांत तिथे हुंडा आला. 1961 पासून हुंडाबंदीचा कायदा असताना आला. शिक्षण वाढलं तसा भाव वाढला.

म्हणून ‘मुलं शिकली की बदलेल’ या वाक्यावर मी विसंबत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न असतो: काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का? 2015-16 मध्ये देशातल्या 52 टक्के स्त्रियांनी आणि 42 टक्के पुरुषांनी एखाद्या तरी कारणासाठी ‘हो’ म्हटलं. 2019-21 मध्ये स्त्रियांचं प्रमाण 45 वर उतरलं. पुरुषांचं 44 झालं.

## मग आधीची माणसं वाईट होती का?

‘तेव्हा तसंच होतं’ असं म्हणून आपण पूर्वजांना सोडून देतो, किंवा आजच्या तराजूत तोलून त्यांना दोषी ठरवतो. मला दोन्ही पटत नाही.

बापाने लेकीला आठव्या वर्षी उजवलं ते बहुतेक वेळा प्रेमानेच. त्याच्या जगात तेच तिचं कल्याण होतं. त्याला राक्षस ठरवलं तर प्रेमळ माणसांकडून क्रौर्य कसं घडतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि आज आपल्या हातून काय घडतंय तेही दिसणार नाही.

पण त्या काळात सगळ्यांनाच ते योग्य वाटत होतं, हेही खोटं आहे. 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुपचूप येऊन बाळंत व्हावं, जीव देऊ नये. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पोटाशी धरलं. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं, की बायकोवर लादलेले नियम बायको मेलेल्या पुरुषाला का नाहीत? 1887 मध्ये मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या. म्हणजे त्या काळातही दुसरं मत ऐकू येत होतं. ते ऐकायचं की नाही, एवढं तरी प्रत्येकाच्या हातात होतं.

## काल ते बरोबर, आज हे बरोबर. उद्या?

हा सगळ्यात कठीण आक्षेप. मूल्यं अशी बदलत असतील तर आजची मूल्यं बरोबर कशावरून? नुसती फॅशन बदलावी तसं तर हे नाही ना?

मला एक कसोटी उपयोगी पडते. नियम ज्याच्या अंगावर पडतो त्याला बोलायला मिळालं का? 1870 मध्ये विधवाविवाहावर पुण्यात शास्त्र्यांचा मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंनी ग्रंथांमधली वचनं काढली गेली. वाद घालणारे सगळे पुरुष. विधवेला काय वाटतं, हा मुद्दाच पुराव्यात धरला नव्हता. पुढे विसाव्या शतकात गोदूबाईंनी आपली कहाणी लिहून ठेवली, त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांनीही लिहिली. या लिखाणातून केशवपन म्हणजे काय, उपास म्हणजे काय, शुभकार्यात मागे लपून राहणं म्हणजे काय, हे ते भोगलेल्या बाईच्या तोंडून आलं. ते वाचल्यावर ग्रंथातलं वचन पूर्वीसारखं वाचता येईना. ज्या बदलात अशी नवी साक्ष आत आली तो बदल पुढचा. पाट बंद होण्याच्या बदलात कोणाही विधवेची साक्ष घेतली गेली नव्हती, तो केवळ प्रतिष्ठेचा हिशेब होता. दोन्ही बदलच, पण एका मापाचे नाहीत.

या कसोटीवर आपणही उतरायला हवं. कोणाची साक्ष आज आपण घेत नाही? गटारात उतरणाऱ्या माणसाची घेतो का? घरकामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कप का, हे त्यांना विचारलंय का? जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीचं ऐकण्याआधी आपण ‘घराण्याची अब्रू’ पुढे करतो का? आपली नातवंडं आपल्याला ज्यासाठी जाब विचारतील ते यातलंच काहीतरी असणार.

## हेरवाडनंतर काय लागतं

परिपत्रकानंतर बऱ्याच ग्रामपंचायतींनी असे ठराव केले. ठराव झाला की काम झालं असं नाही, हे वरच्या सगळ्या इतिहासावरून दिसतंच. ग्रामसभेत हात वर करणारा पुरुष आणि दहाव्याला बाईभोवती बसणाऱ्या बायका या वेगवेगळ्या असतात. बांगड्या फोडायच्या की नाही हे त्या तासाला भावकीतल्या दोन-तीन म्हाताऱ्या ठरवतात, आणि ग्रामसभेला त्या आलेल्याच नसतात. शिवाय जिचा नवरा गेला तिलाही कुंकू ठेवायची भीती वाटते. ठेवलं तर ‘हिला दुःखच नाही’ असं म्हणतील ही धास्ती तिने लहानपणापासून ऐकलेल्या बोलण्यातून आलेली असते. ठराव तिला मोकळीक देतो, पण ती घ्यायला पहिली बाई लागते, आणि मग दुसरी आणि तिसरी लवकर लागतात.

म्हणून ठराव आधी त्या म्हाताऱ्यांपर्यंत जायला हवा, कोणाच्याही घरी मयत झालेली नसताना. बचतगटाच्या बैठकीत, आशाताईंच्या फेरीत, भजनी मंडळात. ज्यांनी स्वतः वैधव्य भोगलंय त्यांनी बोलायला हवं, कारण त्यांचं बोलणं कोणी खोडू शकत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणात ‘सर्व महिला’ असं लिहून भागत नाही. गल्लीतल्या विधवा बाईच्या दारात जाऊन, तिचं नाव घेऊन बोलावलं तरच ती येते. काही गावांत आता अशी हळदीकुंकवं होतात. पहिल्या वर्षी बोलावलेल्यांतल्या काहीच जणी येतात आणि कोपऱ्यात बसतात. त्या वर्षी तिथे आईचा पदर धरून आलेली सात-आठ वर्षांची मुलगी मात्र हे सगळं नेहमीचंच आहे असं समजून वाण घेऊन घरी जाते.